एटीआरवर ट्रेनी को-पायलट : बहिणीला पत्र आलंय, सही करू द्यावी का?

साखळीचो_पूत

नमस्कार मंडळी. प्रश्न बहिणीचा आहे, विचारतोय मी. ती दिवसभर बॅचच्या मुलांशी फोनवर तेच तेच बोलते आणि बाबा मला तेच तेच विचारतात. मी वेर्ण्याला औषधाच्या कारखान्यात शिफ्टला, मला विमानातलं एवढंच कळतं की खिडकीची सीट पैसे देऊन मिळते.

बहीण २४ वर्षांची. सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालं, २०० तासांचं उड्डाण, डीजीसीएचे (विमान वाहतुकीचे नियम करणारं सरकारी खातं) पेपर, आरटीआर (रेडिओवर बोलायचा परवाना), सगळं हातात. त्यालाही दीड वर्ष होत आलं. मधल्या काळात पणजीला एका क्लासमध्ये नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी शिकवते. आता एका प्रादेशिक विमान कंपनीचं पत्र आलंय. एटीआर ७२-६०० (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) वर ट्रेनी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. नाव लिहीत नाही, उगाच तिला त्रास नको.

पत्रात असं आहे: ट्रेनिंग चालू असेपर्यंत दरमहा २५ हजार. लाइन रिलीज झाल्यावर (म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या उड्डाणांवर घेतल्यावर) ९० हजार, त्यात ५० तास धरलेले, वरच्या प्रत्येक तासाला वेगळा दर. टाइप रेटिंगसाठी (त्याच जातीचं विमान उडवायचं खास ट्रेनिंग) दोन वाटा. एक, १८ लाख आपण भरायचे आणि ३ वर्षांचा बाँड (तेवढी वर्षं नोकरी सोडायची नाही). दोन, कंपनी भरणार, बाँड ५ वर्षांचा, मध्येच सोडलं तर २५ लाख. बेस 'भारतात कुठेही'.

आमच्या घरची गोष्ट थोडी सांगतो म्हणजे बाबांचा स्वभाव कळेल. आमचं घर खाणीवर उभं राहिलं. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा दारात दोन टिपर (खनिज वाहायचे ट्रक) होते, दोन्हींचे हप्ते चालू. मग सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. एक टिपर भंगारच्या भावात गेला, दुसऱ्याच्या सावलीत अजून आमची कुत्री झोपतात. 'आधी कर्ज, मग कमाई' असं कुणी म्हटलं की बाबा उठून जातात. तरी पोरीसाठी घर गहाण टाकलं, ४० लाख काढले. काकांची सही मिळवायला दोन चवथी (गणपती) गेल्या, ते वेगळंच पुराण.

विचारायचं ते असं. पायलट म्हणजे लाखांत पगार असं सगळा गाव समजतो. मग हे ९० हजार खरे का? १८ लाख भरावेत की बाँड? आणि एटीआरवर गेली की तिथेच अडकते, जेटसाठी थांबावं, असं तिच्या बॅचची मुलं म्हणतात. त्यात किती तथ्य?

तारवटी_सासष्टी

९० हजार? माझा भाचा क्रूझवर बारमध्ये आहे, घरी जास्त पाठवतो, जेवण-राहणं फुकट. आणि मला एक कळत नाही. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली, पायलट पुरत नाहीत म्हणून. टीव्हीवर सगळं दाखवत होते. मग तुझी बहीण दीड वर्ष घरी कशी? कुठेतरी पाणी मुरतंय. नीट चौकशी कर.

उजवी_सीट

दादा, मी फोंड्याची. एटीआरवरच एफओ (फर्स्ट ऑफिसर) आहे, तिसरं वर्ष चाललंय, बेस हैदराबाद. माझ्या पत्रातले आकडे थोडे वेगळे होते, पण साचा हाच. सवडीने लिहिते, आज ऑफ आहे.

आधी वरच्या तारवटी काकांना. काका, पाणी मुरत नाही, गणित वेगळं आहे. डिसेंबरात कमी पडले ते आधीच टाइप रेटेड, लाइनवर उडणारे पायलट, त्यातही कॅप्टन. डीजीसीएने ड्यूटी आणि विश्रांतीचे नियम बदलले. आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीची लँडिंग ६ वरून २ वर आणली, आणि 'रात्र' पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरायची ठरलं. म्हणजे तेवढीच विमानं उडवायला जास्त माणसं लागणार. पण २०० तासांची मुलगी आज कामाला घेतली म्हणून उद्या ती भोक बुजवत नाही. तिला लाइनवर यायला सहा महिने ते वर्ष जातं, आणि शिकवायला पुन्हा तोच सीनियर कॅप्टन लागतो जो मुळात कमी आहे. दुसऱ्या बाजूला २०२३ या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली. दारात एवढी रांग असताना दारावरचा पगार कोण वाढवेल?

आता दादा, तुमचं पत्र. ९० हजार क्षणभर बाजूला ठेवा आणि ५० तास या शब्दांवर बोट ठेवा. सगळा खेळ तिथे आहे.

आमचे तास म्हणजे ब्लॉक अवर्स. चाकाचे चॉक्स (अडणी) निघाले की घड्याळ सुरू, पुढच्या विमानतळावर चॉक्स लागले की बंद. मधलं सगळं, म्हणजे रिपोर्टिंग, ब्रीफिंग, टर्नअराउंड, उशीर, धर्मखाती. जेटवाला दिल्ली-गोवा एकदा मारतो, अडीच तास पदरात. आमचे सेक्टर तासा-सव्वा तासाचे, दिवसाला चार, कधी सहा. विमान जमिनीवर जितक्या वेळा येतं तितका फुकटचा वेळ वाढतो.

परवाचा दिवस सांगते. शमशाबादला (हैदराबादचं विमानतळ) पहाटे ५ ला रिपोर्टिंग, म्हणजे खोलीवरून गाडी सव्वाचारला. पहिलं काम ब्रेथ ॲनलायझरमध्ये फुंकर, कॅमेऱ्यासमोर. आकडा शून्यच यायला हवा. पहिल्यांदा सापडलात तरी लायसन्स तीन महिने निलंबित. (अल्कोहोल असलेला माउथवॉश, खोकल्याचं औषध, सगळं बंद. काजूच्या हंगामात आमच्या घरी हुर्राक (काजूची दारू) उघडला की मी अंगणात जाऊन बसते, वासाचीसुद्धा धास्ती.) ६ ला पहिलं उड्डाण. चार सेक्टर, मिळून पाच तास वीस मिनिटं. तिसऱ्या सेक्टरआधी एका छोट्या विमानतळावर दृश्यमानता खाली गेली म्हणून दीड तास विमानातच. एटीआरला जेटसारखं एपीयू (जमिनीवर वीज-एसीसाठीचं छोटं इंजिन) नसतं. जमिनीवर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने थांबवून इंजिन तसंच चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात, त्यावर एसी चालतो. पण वारा मागून आला की तोही बंद ठेवावा लागतो. मग कॉकपिटची काच आणि ऊन. शर्ट पाठीला चिकटलेला, मांडीवर लोडशीट, इडलीचा डबा उघडायचा राहूनच गेला. सुटले तेव्हा दुपारचे पावणेतीन. ड्यूटी पावणेदहा तास, हिशेबात पाच तास वीस मिनिटं.

नियम मोडला का? अजिबात नाही. लँडिंग वाढली की ड्यूटीची कमाल मर्यादा कमी होते, ते कंपनी काटेकोर पाळते. रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) बनवणारं सॉफ्टवेअर मर्यादेच्या आत एक मिनिट ठेवून थांबतं. थकवा मात्र मिनिटं मोजत नाही.

त्यामुळे महिन्याला ७० तास उडाल, वरचे २० तास वेगळ्या दराने मिळतील असं जे एचआर सांगतं ते हिवाळ्याचं चित्र. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर काय असतं ते गोंयकाराला सांगायला नको. एटीआर २५ हजार फुटांच्या वर जात नाही, ढगांच्या वरून निघून जायची सोय नाही, पावसातूनच वाट काढायची. उड्डाणं रद्द होतात, वळवली जातात. रद्द म्हणजे शून्य तास. माझे पावसाळ्यातले महिने हमीच्या तासांच्या आतबाहेरच राहतात. म्हणून विचारायचं ते हे: ५० तासांपेक्षा कमी उड्डाण झालं तरी ९० हजार पूर्ण मिळतात का? काही पत्रांत ते 'हमी' असतं, काहींत कंपनी 'परिस्थितीनुसार बदलू शकते' अशी ओळ खाली बारीक अक्षरांत असते. २०२० च्या टाळेबंदीत या ओळीने भल्याभल्यांचे पगार अर्ध्यावर आणले.

दुसरा प्रश्न २५ हजारांचा. ते किती महिने? ग्राउंड स्कूल, मग सिम्युलेटर (गोव्यात नाही, गुरुग्राम-हैदराबाद नाहीतर परदेश), मग खऱ्या विमानावर बेस ट्रेनिंग, मग लायसन्सवर एंडोर्समेंट (त्या विमानाची नोंद), मग ट्रेनिंग कॅप्टनसोबत प्रवाशांसकट उड्डाणं, मग चेक, मग रिलीज. कागदावर पाच-सहा महिने. माझं बेस ट्रेनिंग अडकलं, कारण त्यासाठी रिकामं विमान लागतं आणि सीझनमध्ये कंपनीकडे सगळी विमानं प्रवाशांना लागलेली. आज-उद्या करत अख्खा हिवाळा गेला. तोपर्यंत स्टायपेंडच. हैदराबादला तिघींत एक फ्लॅट, तरी आईकडून पैसे मागवले, युनिफॉर्मवर एक पट्टी लावून. पत्रात 'अमुक महिन्यांत रिलीज न झाल्यास पगार सुरू' अशी ओळ घालून मिळते का बघा. मिळणार नाही बहुतेक, पण विचारल्यावर काय उत्तर देतात त्यावरून कंपनी कळते.

अडकण्याचं म्हणाल तर ते अर्धसत्य. एटीआरवरून जेटवर जाता येतं, दरवर्षी जातात. फक्त तिथे परत टाइप रेटिंग, परत उजवी सीट, परत सीनियॉरिटीच्या शेपटाला. उलट छोट्या कंपनीत कॅप्टन लवकर होता येतं, आणि कॅप्टनचा पगार म्हणजे तुमचा गाव समजतो तो पगार. तास भरले की एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स), त्याला १,५०० लागतात. पण घरी बसून तास भरत नाहीत. दीड वर्ष बसलेल्या सीपीएलवाल्याला पुढची कंपनी पहिला प्रश्न विचारते, शेवटचं कधी उडलात? या घडीला मी असते तर एटीआर घेतलं असतं. जेटची वाट बघा म्हणणाऱ्या बॅचमेटना विचारा, त्यांच्या घरी हप्ता कोण भरतो.

प्रादेशिक कंपनी मोठ्यांएवढं का देत नाही, तेही समजून घ्या. विमानात सत्तरेक सीट. उडान (छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेची सरकारी) योजनेच्या मार्गावर अर्ध्या सीटचं भाडं बांधलेलं, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये ठरलं होतं. फरक सरकार भरून देतं, पण तीनच वर्षं. त्यानंतर मार्ग आपल्या पायावर उभा राहिला तर राहिला. म्हणून अशा कंपन्या उघडतात तशा मिटतातही. ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. मोठ्यांचंही वेगळं काही नाही म्हणा, जेट एअरवेज २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. तुमच्या बाबांनी खाणीत जे पाहिलं ते या धंद्यात दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी पाहतं. हे त्यांना लपवू नका, ते उलट लवकर समजतील.

आणि बेस. गोवा मिळेल ही आशा आत्ताच सोडा. मोपाचं विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडे सगळ्यांना वाटतं पोरगी सकाळी उडून संध्याकाळी भाकरीला घरी. मला ऑफ मिळाला की स्टाफ तिकिटावर सीट रिकामी असेल तर गोवा, नसेल तर नाही. दाबोळी विमानतळाची सकाळ बहुतेक नौदलाची, म्हणून मोपाच बरं पडतं. तिथून कदंबची बस, मग फोंडा. ४८ तासांच्या सुट्टीतले दहा-बारा प्रवासातच जातात. गेल्या दोन्ही चवथी मी ड्यूटीवर होते, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) व्हिडिओ कॉलवर पाहिली. आईला वाईट वाटलं, मला त्या दिवशी सलग लँडिंग मिळाली म्हणून खरं तर बरं वाटलं होतं. पावसाळ्यात नव्या एफओच्या हाती लँडिंग क्वचितच येते, त्यामुळे मिळाली की माणूस सण विसरतो.

१८ लाखांबद्दल माझं मत सरळ आहे, भरू नका. कारण कुणीतरी बँकेतलं सांगेल तर बरं.

निवृत्त_म्हापसेकार

३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची काही कर्ज विभागात. शैक्षणिक कर्जं बरीच पाहिली, वैमानिकांचीही. उजव्या सीटवरच्या पोरीने सगळं नेमकं सांगितलंय, मी फक्त आकडे मांडतो.

४० लाख, १०.५ टक्के, १५ वर्षं धरलं तर हप्ता ४४ हजारांच्या वर. तुमचा दर थोडा इकडेतिकडे असेल. शिक्षण अधिक एक वर्ष ही सवलतीची मुदत साधारण असते, आणि तुमच्या बहिणीचं सीपीएल होऊन दीड वर्ष, म्हणजे हप्ता सुरू झालेला असणार किंवा उंबऱ्यावर असणार. सवलतीच्या काळातलं व्याज भरलं नसेल तर ते मुद्दलात चढलं. वर्षाचं ४ लाख २० हजार होतं ते, महिन्याला ३५ हजार. तेव्हा खरं मुद्दल आज ४० राहिलेलं नाही, पासबुक बघा.

आता १८ लाख कुठून आणणार? घर आधीच गहाण. उरतं पर्सनल लोन. १४ टक्क्यांनी ५ वर्षांचं घेतलं तर हप्ता जवळपास ४२ हजार. दोन्ही मिळून ८६ हजार. पगार ९०, तोही रिलीज झाल्यावर, तोही कापाकापीच्या आधीचा. पोरगी परक्या शहरात खाणार काय? आणि पहिले सहा-आठ महिने तर हातात २५ हजारच.

तेव्हा बाँड. पण बाँड डोळे उघडे ठेवून. तीन गोष्टी वकिलाला दाखवा, हजार-दोन हजार जातील ते जाऊ देत. २५ लाखांची रक्कम दर महिन्याला उतरत जाते की पाचव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीही २५ च राहते? कंपनीच बंद पडली किंवा तिनेच काढून टाकलं तर बाँड संपतो का? आणि हमी म्हणून सही केलेले कोरे धनादेश मागतायत का? मागत असतील तर तिथे थांबा. उद्या वाद झाला आणि त्यांनी चेक टाकला, तो वटला नाही, तर कलम १३८ खाली फौजदारी तक्रार. जामीनदार म्हणून बाबांची सही तर अजिबात नको. त्यांनी खाणीच्या काळात एकदा सगळं सोसलंय.

बहीण कधी सोडू शकते तेही पाहून ठेवा. डीजीसीएचा नियम आहे, २०१७ पासून को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आणि कॅप्टनला एक वर्षाची. बाँडचे पैसे टाकले म्हणून दुसऱ्या दिवशी उठून जाता येत नाही.

शेवटी गोव्यातलं म्हणून. घर बाबांच्या नावावर दिसलं तरी आपल्याकडच्या नागरी कायद्याने आई अर्ध्याची मालकीण, तिची सही लागतेच. काकांचा वाटा वडिलोपार्जितातला असेल तर इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टातली वाटणी) होईपर्यंत दर नव्या कागदाला तीच वारी. म्हणून दुसरं तारण काढायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा आत्ताच शाखेत जा, ऑफर लेटर दाखवा आणि सुरुवातीचे हप्ते लहान, नंतर मोठे, अशी परतफेड मागा. हप्ता थकल्यावर गेलेल्या माणसाला मॅनेजर वेगळ्या खुर्चीवर बसवतो. मी बसवलेत. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी योजना आहे, तिची मर्यादा वैमानिकाच्या खर्चापुढे थिटी पडते, आणि ती शिक्षणाआधी घ्यायची गोष्ट. धाकटं कुणी शिकत असेल तर लक्षात ठेवा. हो, आणि प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, पण जुनी कररचना निवडली तरच.

पर्वरी_टू_जर्सी

इकडचं सांगतो, तुलनेला. माझा मेहुणा अमेरिकेत रीजनलवर (प्रादेशिक विमान कंपनीत) आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इथेही हीच रड होती, किंबहुना वाईट. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं टर्बोप्रॉप पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत निघालं की को-पायलटचा वर्षाचा पगार १६ हजार डॉलरच्या आसपास. ती सिएटलजवळ आईवडिलांकडे राहायची आणि ड्यूटीसाठी रात्रभर दुसऱ्या विमानांतून देश ओलांडून न्यूअर्कला आली होती, पाठ टेकली ती क्रू रूममध्ये. आपल्या फोंड्याच्या बहिणीचं वाचताना तेच आठवलं.

त्यानंतर संसदेने कायदा केला, २०१३ पासून को-पायलटलाही बहुतांशी १,५०० तास लागतात. माणसं मिळेनाशी झाली आणि २०२२ मध्ये अमेरिकनच्या रीजनल कंपन्यांनी नव्या को-पायलटला तासाला ९० डॉलर द्यायला सुरुवात केली. भारतातही १,५०० चा नियम आणा, पगार आपोआप वर येईल.

उजवी_सीट

जर्सीकर दादा, तो अहवाल आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, थकव्याच्या तासाला. पण १,५०० चा उपाय इथे कसा चालेल? तिकडे पोरं इन्स्ट्रक्टर म्हणून, नाहीतर शेतावर फवारणीची, जाहिरातीचे फलक ओढायची छोटी विमानं उडवून तास भरतात. आपल्याकडे ती मधली पायरीच नाही. फ्लाइंग स्कूलमध्ये विमानाची वाट बघत २०० तास होता होता दोन-तीन वर्षं जातात. वरचे १,३०० कुठे भरायचे? ज्यांच्या बापाकडे तासाचे पैसे आहेत तेच भरतील. साखळीची पोरगी तर कायमचीच बाहेर.

पगार वर यायचा तर हमीचे तास ड्यूटीशी बांधले पाहिजेत. ड्यूटी दहा तास झाली तर निदान सहा तास धरा, उडालो असू वा नसू. जगात काही ठिकाणी असा हिशेब आहे. आमच्याकडे हा विषय निघाला की कॅप्टन लोक मान डोलावतात आणि रोस्टर उघडून बसतात.

तारवटी_सासष्टी

बोटीवर निदान जमिनीवर उतरलो तरी पगार चालू असायचा.

साखळीचो_पूत

सगळ्यांचे आभार. काल बहिणीने कंपनीला मेल टाकला, इथले प्रश्न जसेच्या तसे. आज फोन आला. ५० तास हमी आहे म्हणतात, पण 'परिस्थितीनुसार' ही ओळ काढणार नाहीत. बाँडची रक्कम वर्षाला उतरते, महिन्याला नाही. म्हणजे साडेचार वर्षांनी सोडलं तर शेवटच्या अख्ख्या वर्षाचे पैसे द्यायचे. कंपनी बंद पडली तर बाँड रद्द, हे मेलवर लेखी दिलं. कोरे चेक मागितले नाहीत. जामीनदार मागितलाय, त्यात मी सही करायची ठरलं, बाबा नाही. स्टायपेंडला मुदत घालायला साफ नकार. पहिलं वर्ष बेस बेंगळुरू.

बाबांना म्हापसेकारांचा तो ८६ हजारांचा हिशेब वाचून दाखवला. पहिल्यांदाच उठून गेले नाहीत. म्हणाले, टिपरवर यापेक्षा वाईट हिशेब केला होता आणि कुणी वाचून दाखवायला नव्हतं. बाँडला तयार आहेत. सोमवारी शाखेत जाऊन परतफेडीचं बोलतो. रिलीज होईपर्यंत हप्त्यातले २० हजार मी ओव्हरटाइममधून घालीन, बाकीचं बाबा आणि तिच्या क्लासची शिल्लक.

उजवी सीट ताई, एकच अजून. तिचं क्लास वन मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी) सप्टेंबरमध्ये संपतंय आणि जॉइनिंग ऑगस्टच्या शेवटी. आधी करून घ्यावं की कंपनी बघते?

उजवी_सीट

आधी करून घ्या, आजच स्लॉट बघा. तपासणीची तारीख लवकर मिळत नाही, आणि मेडिकल संपलं की त्या दिवसापासून सिम्युलेटरही नाही नि एंडोर्समेंटही नाही. बॅच पुढे जाते आणि आपण परत २५ हजारांच्या रांगेत. चष्मा असेल तर नवीन नंबर काढून न्यायला सांगा. लॉस ऑफ लायसन्स विमा (तब्येतीमुळे लायसन्स गेलं तर पैसे देणारा) कंपनी देते का तेही त्याच मेलमध्ये विचारा, बहुतेक वेळा तो रिलीजनंतरच लागू होतो. बेंगळुरूला खोली विमानतळाच्या बाजूला, देवनहळ्ळीकडे बघा, शहरात नको. माझी एक बॅचमेट तिथे आहे, तिला एक रूममेट हवीच होती. मेसेजमध्ये बहिणीचा नंबर पाठवा, मी दोघींना जोडून देते.